पहिला घोट

९ ऑगस्ट
दारू नाही म्हटलं त नाही! किती वेळा सांगू बापाले? इथं टांझानियातून फोनवर ओरडून ओरडून माहा घसा बसला. मी पेतो त्याले टोग्वा म्हणतात. ज्वारीच्या पिठाची पेज, त्यात मोड आलेल्या ज्वारीचं पीठ, रातभर आंबवायचं. आंबट-गोड लागते. आई करते त्या आंबिलीचा सख्खा भाऊ!

आग लावली आदर्शनं. चुलतभाऊ माहा, माह्यासंगच इथं बोअर खोदाच्या गाडीवर कामाले हाय. मी भोपळ्याच्या वाटीतून पेताना व्हिडिओ काढला अन् स्टेटसले टाकला — "भाऊची पार्टी". बापानं शेलूबाजारात चहाच्या टपरीवर पाह्यला. झालं!

"दोन पोरं होती. एक दारूनं गिळलं. आता दुसरं." एवढं बोलून फोन ठेवला. मेलेल्या किशनभाऊले मधात काहून आणते?

१० ऑगस्ट
आदर्शले दोन ठेवून दिल्या. म्हणते, "गंमत केली ना राजा!"

१२ ऑगस्ट
आज बापाचं नवीनच. "अन् व्हिडिओत त्या बाईनं आधी तोंड लावलं, तिचं उष्टं कायले पेतं रे?"

उष्टं नाही! रेहेमाबाई आमचा स्वयंपाक करते. इथली रीत हाय — वाढणाऱ्यानं पहिला घोट आपण घ्यायचा, मंग दुसऱ्याले द्यायचं. नासलं नाही, काही कालवलं नाही, हे दाखवाले. पहिल्या दिवशी मीही उष्टं समजून तोंड फिरवलं होतं. बाई दिवसभर बोलली नाही माह्याशी.

१६ ऑगस्ट
सापडला पुरावा! रेहेमाबाईनं घोट घेतला, थुंकला, अन् माह्या हातातली वाटी ओढून घेतली. तीन दिवसाचा झाला म्हणे, आता चढते, तुले नाही देत. लगेच बापाले फोन लावला. सांगतलं — चढणारा असला त बाई देतच नाही!

बाप म्हणते, "म्हणजे चढते त!"

डोकं फोडावं वाटलं. स्वतःचं का त्याचं, ते समजेना.

१७ ऑगस्ट
फोन नाही लावला. लावणारच नाही!

२१ ऑगस्ट
आज त्यायनंच लावला. पहिल्यांदा. म्हणाले, "किशन घरी आला का मी दारातच त्याच्या तोंडाचा वास घेत होतो. तुया कसा घेऊ, एवढ्या दुरून?"

म्हटलं, बाबा, तुमीच या इकडं. पहिला घोट तुमी घ्या, मंग मले द्या.

त्यायच्या पासपोर्टाची फी पाठवून राह्यलो. पंधराशे रुपये.