डावीकडची वाट

२८ ऑगस्ट २०२३, सोमवार. सकाळ.

रोजनिशी पुन्हा सुरू. मागची (२०१९) तीनच दिवस चालली, पण त्या वहीचा कागद वाईट होता.

आई काल जेवताना म्हणाली, यंदा चांद्र पंचांगाच्या आठव्या महिन्याच्या पहिल्या तिथीला मीही येते तुझ्या बाबांच्या थडग्यावर गवत कापायला. मी म्हटलं, आणि गुडघे? म्हणाली, गुडघे माझे आहेत, तू तुझं बघ. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई. साठ वर्षं समुद्रात बुड्या मारून शंख-शिंपले काढले, तिला नाही म्हणायची सोय नाही. बाबांच्या शेजारी तिची जागा राखून ठेवली आहे, ती एकदा डोळ्यांनी बघायची म्हणते. जागा काय पळून जाणार आहे, असं मी विचारलं. ती माशाचे काटे काढत बसली.

तिथी, म्हणजे बेटावर सगळे आपापल्या पितरांच्या थडग्यांवरचं गवत कापतात तो दिवस, १५ सप्टेंबरला. अठरा दिवस हातात. भरपूर.

एक किरकोळ अडचण आहे. गेली पाच-सहा वर्षं मला टेकडीवर जायला जमलेलं नाही. आईला वाटतं दर वर्षी जातो. त्या दिवशी मी विळा घेऊन निघतो आणि संध्याकाळी पँटला कुसळं लावून परत येतो. कुसळं बंदरामागच्या मोकळ्या प्लॉटवर हवी तेवढी मिळतात. याला खोटं म्हणता येणार नाही. मी गवतात गेलेलो असतोच.

३० ऑगस्ट, बुधवार

टेकडीवर गेलो. थडगं सापडलं नाही.

बाबा घोडे राखायचे तेव्हा ही टेकडी न्हाव्याने हात फिरवल्यासारखी बोडकी असायची. दर वसंतात गावकरी गवत पेटवायचे, झुडूप डोकं वर काढायच्या आत जळायचं. १९९० साली गावसभेत मी, गावचा एकमेव शास्त्र-शिक्षक बू छांग-इक, उभा राहिलो आणि झुडपांच्या बाजूने चाळीस मिनिटं बोललो. पक्षी, माती, मुळं, सगळं सांगितलं. पेटवणं बंद झालं. बाबा सभेतून मधेच उठून गेले. दारात काहीतरी बोलले होते. आता आठवत नाही.

तेव्हा सांगितलं होतं त्याच क्रमाने सगळं आलंय. आधी उंच चंदेरी गवत, मग रानगुलाब आणि घोटवेल, मग आंबगुळीची जाळी. एकही पायरी चुकलेली नाही. फार समाधान वाटलं. फक्त त्यात वाट दिसत नाही.

परत येताना घोड्यांना पाणी पाजायच्या जुन्या दगडी कुंडाच्या थोडं वर, काटेरी घोटवेलीत सदरा अडकला. बाही फाटली.

२ सप्टेंबर, शनिवार

विश्रांती. (कंबर.)

बायको म्हणाली, अहो, सासूबाईंना सांगून टाका ना खरं. मी म्हटलं, सांगण्यासारखं काय आहे, थडगं तिथेच आहे, मी इथे आहे, मधे थोडी वनस्पती आहे. ती म्हणाली, मामंजींच्या नावाचा दगडसुद्धा अजून बसायचाय. म्हणजे बाबांच्या थडग्यावरचा. तो बसवायचं काम माझ्याकडे होतं. दगड ठरला आहे. अक्षराचं वळण ठरायचं आहे. एकोणीस वर्षांत घाई करून काम बिघडवलं नाही, एवढं मात्र खरं.

४ सप्टेंबर, सोमवार

सापडलं!

कुंडापासून बरंच उजवीकडे, जाळीच्या पोटात. चौकोनी दगडी गडगा, आत मातीचा उंचवटा, त्यावर माझ्या डोक्यापेक्षा उंच झुडूप. खूण पटवली. आपल्याकडे गडग्यात मेलेल्या माणसाला जायला-यायला छोटी वाट सोडतात. बाप्याची डावीकडे, बाईची उजवीकडे. मी समोर उभा राहिलो, वाट स्पष्ट डावीकडे. शास्त्राचा माणूस असल्याचा फायदा.

वाकून नमस्कार केला. म्हटलं, बाबा, मी आलोय. कुणीतरी ऐकत असल्यासारखं सगळं गप्प झालं. रातकिडेसुद्धा. मग दूर कुठेतरी हरीण भुंकलं. इथली हरणं माणूस खेकसल्यासारखी भुंकतात, लहानपणापासून ऐकतोय, तरी विळा हातातून पडला.

उतरताना कुंडाच्या वर पुन्हा सदरा अडकला. तीच घोटवेल.

७ सप्टेंबर, गुरुवार

कापायचं यंत्र आणलं. पहिल्याच दगडावर पातं गेलं. दोष दगडाचा. आता विळा.

मुख्य झुडूप, आंबगूळ, बुंध्याशी कापलं आणि सवयीप्रमाणे खोडावरची वळी मोजली. एक वळं म्हणजे एक वर्ष. आठवीच्या पोरांना तीस वर्षं हेच शिकवलं की माणूस वय चोरतो, झुडपाला ते जमत नाही. माझ्या हिशेबाने सहा यायला हवी होती.

एकतीस आली.

पुन्हा मोजली. एकतीस. म्हणजे हे झुडूप १९९२ साली उगवलं आणि बाबा गेले २००४ साली. आपल्या थडग्यावरचं झुडूप आपल्याआधी बारा वर्षं उगवलं, असं बाबांच्या बाबतीत झालेलं दिसतं. उघडच आहे की या बेटावर पावसामुळे एका वर्षात पाच-पाच वळी पडत असावीत. यावर एक लेख लिहायला हवा. कुठे पाठवायचा ते नंतर बघू.

९ सप्टेंबर, शनिवार. दुपार.

अर्धं काम झालं. भाताचे गोळे खाऊन गडग्याला टेकलो, तर भर उन्हात डोळा लागला.

स्वप्नात त्या वाटेत कुणीतरी बसलं होतं. पाठ माझ्याकडे. काहीतरी शिवत होतं. न वळताच विचारलं, कुणाचा रे तू? मी म्हटलं, अहो, तुमचाच. तेव्हा हात थांबला. म्हणालं, माझं कुणी नाही येत.

जागा झालो तर घामाने भिजलो होतो आणि चष्मा वाटेतल्या दगडावर नीट घडी करून ठेवलेला. मीच ठेवला असणार. मी सहसा घडी करत नाही. आवाज बारीक होता, बाबांचा एवढा बारीक नव्हता. वीस वर्षं मातीत राहिल्यावर आवाजही झिजत असेल.

सदरा. तीच जागा. यावेळी पाठीमागून, कुणी कॉलर धरावी तसा.

११ सप्टेंबर, सोमवार

त्या घोटवेलीला कापणार होतो. मग म्हटलं राहू दे, एवढी जुनी वेल म्हणजे नमुना आहे. डबा तिच्यावर अडकवायला बरा पडतो. जाताना येताना काय धरायचं ते धरू दे.

खरं सांगायचं तर ती कापायची भीती वाटते. या वहीत लिहायला हरकत नाही, कुणी वाचत नाही. वर चढताना सारखं वाटतं की त्या जागी मागून कुणीतरी माझं नाव घेणार आहे. मी भराभर पुढे जातो आणि तिथे गडग्यात पोचलो की बरं वाटतं. म्हणजे बाबांपाशी बरं वाटतं आणि बाबांच्या वाटेवर भीती वाटते. याचा अर्थ लागत नाही.

१९९० साली दारात बाबा म्हणाले होते, वाढव तुझी झुडपं मास्तर, एक दिवस मला त्यांच्यात शोधत फिरशील. मला पहिल्यापासून आठवत होतं.

१३ सप्टेंबर, बुधवार

पूर्ण! उंचवटा गुळगुळीत, गडगा मोकळा. स्वतःच्या हाताने एवढं काम आयुष्यात केलं नव्हतं. निघताना म्हटलं, परवा आई येतेय. वाऱ्यावर गवत हललं. बाबा खूश असावेत. पाच-सहा वर्षांची चूक मी दहा दिवसांत धुऊन टाकली.

बायको म्हणाली, चेहरा बघा आरशात. मी म्हटलं, समाधानाचा आहे. ती म्हणाली, भूत बघितल्याचा आहे.

१५ सप्टेंबर, शुक्रवार. संध्याकाळ.

क्रमाने लिहितो.

गाडी कुंडापर्यंत गेली. पुढे आईला पाठुंगळी घेतलं. एवढीशी झालीय. एवढी हलकी कधी झाली ते मला कळलं नाही, आणि याचं फार वाईट वाटलं. वर नेऊन उतरवलं. तिने सगळीकडे पाहिलं. म्हणाली, छान केलंयस. कुणाचं आहे?

मी म्हटलं, आई, बाबांचं. ती म्हणाली, इथून समुद्र दिसत नाही. मी म्हटलं, झुडपं वाढलीत. ती म्हणाली, आणि माझी जागा? गडग्यात एका माणसाशेजारी दुसरं माणूस मावत नव्हतं. दहा दिवस आत बसलो, जेवलो, झोपलो, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी म्हटलं, गडग्यातली वाट बघ ना, डावीकडे आहे.

आई म्हणाली, डावी कुणाची? तुझी का तिची?

मला बोध होईना. मग तिने काठीने मला ढकलून उंचवट्याच्या मागे नेलं, डोंगराकडे पाठ करून उभं केलं. म्हणाली, आता तू मेलायस असं समज. आडवा पडलायस आणि बाहेर बघतोयस. वाट कुठे आली?

उजवीकडे.

म्हणाली, आयुष्यभर तू समोर उभा राहूनच बघितलंस, मास्तर.

मग तिने पिशवीतून बाबांसाठी आणलेली सोजूची दारू काढली आणि पहिला पेला त्या थडग्यातल्या बाईसमोर ओतला. कोण होती देव जाणे. तिला म्हणाली, चुकून आला गं, पण काम चांगलं करतो. मला म्हणाली, एकदा ओळख काढलीस ना हिच्याशी, आता दर वर्षी यायचं. हिला वाटेल, हिचा मुलगा आला. स्वप्नाचं मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मग मी सगळं कबूल केलं. पाच-सहा वर्षं, कुसळं, प्लॉट. आई म्हणाली, कुसळं समुद्रकाठची आहेत हे मला धुताना कळायचं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, रोज वाटायचं, उद्या जाईल.

बाबा कुठे, विचारलं तर म्हणाली, घोड्यांच्या कुंडापासून सरळ वर, चाळीस पावलं.

मोजली. अडतिसाव्या पावलाला सदरा अडकला.

१६ सप्टेंबर, शनिवार

आईने ऐकलं नाही, आजही आली. घोटवेल आधी कापली. तिच्या मागे गडगा होता, दगडांना मिठी मारून बसली होती. दहा दिवस मी बाबांच्या भिंतीवर डबा अडकवत होतो.

वाट डावीकडे. त्यांच्या डावीकडे.

गडगा दोघांच्या मापाचा आहे. एका बाजूला बाबा. त्यांच्यावर नुसतं गवत आणि थोडा रानगुलाब. रिकाम्या अर्ध्यात मात्र आंबगूळ अशी माजलीय की हात जाईना. आई दगडावर बसून बघत होती. म्हणाली, माझ्या घरात हे कोण राहायला आलंय?

दुपारपर्यंत कापलं. बुंध्याचा तुकडा हातात घेऊन मी मोजत बसलो. एकदा, मग उलट्या बाजूने.

आईने विचारलं, किती?

आज पाऊस, माती, दोन-दोन वळी, सगळ्या सबबी आठवल्या होत्या. मी म्हटलं, अकरा.

अकरा वर्षांपूर्वी तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून ती आली नव्हती. तेव्हापासून मीही.

ती समुद्राकडे बघत होती. झुडपं कापल्यावर तो दिसायला लागला होता. मग म्हणाली, मी इथे आले की माझ्या अंगावर कितीपर्यंत वळी येऊ देणार आहेस, तेवढं आत्ताच सांगून टाक. तशी तयारी ठेवते.

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

तिने माझ्याकडून विळा मागून घेतला, आणि बसल्या जागेवरून हात पोचेल तेवढं, आपल्या जागेतलं राहिलेलं गवत कापायला लागली.