८०८० वर दादा आहे

बाबा,
प्रदर्शनाच्या तयारीसाठी शाळेत चाललेय. कम्प्युटर बिघडलेला नाही, उगाच दुकानात नेऊ नका! माझा प्रोजेक्ट सुरू होत नव्हता, कारण ८०८० नंबरचा पोर्ट, म्हणजे कम्प्युटरमधलं प्रोग्रामचं दार, आधीच दुसऱ्या प्रोग्रामने अडवलं होतं. मी एकटीने शोधून काढलं, बरं का! तुमच्याशी भांडून घर सोडण्याआधी दादाने घरासाठी बनवलेलं निरोपांचं पान अजून तिथेच चालू आहे. तो रोज इंटरनेटवरून त्यावर लिहितो. आणि पानाच्या नोंदीत दिसतं, रोज सकाळी सहाला, आई आणि मी झोपेत असताना, कुणीतरी इथे बसून ते वाचतं.

मी ते बंद केलं नाही. माझा प्रोजेक्टच ८०८१ वर हलवला.

उत्तर लिहायचा चौकोन तळाशी आहे, बाबा. पान जरा खाली सरकवा.

तुमची टकळी