खुंटीवरचे रेडकू

माय,

यंदाही दिवाळी सरली आणि ते आले. तुझ्या काळी त्याला नाव नव्हते. घरातल्या बायका "हिला हिवाळा बाधतो" एवढेच म्हणत आणि तुझ्या अंगावर आणखी एक वाकळ टाकत. आता त्याला ऋतुजन्य नैराश्य असे नाव आहे, कारणही सापडले आहे, आणि ते मी तुला नीट समजावून सांगणार आहे. कारण समजावून सांगणे ही एकच गोष्ट मला आयुष्यभर बरी जमली. डोळ्यांतून आत गेलेला उजेड मेंदूतल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या एका ग्रंथीला दिवस किती लांब आहे ते कळवत असतो. दिवस आखडले की बहुतेक माणसांना त्याचा पत्ताही लागत नाही. काहींचे मात्र आतले घड्याळच मागे पडते. झोप सरत नाही, हातातली भाकरी जड होते आणि कोणी हाक मारली तर ती दुसऱ्या कोणाला तरी मारली असे वाटते. किती सुंदर रचना आहे बघ, आणि किती निरुपयोगी! आंबेजोगाईच्या डॉक्टरांना मी हे सगळे सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, "बाई, हे थंड देशांतलं दुखणं. बीड जिल्ह्यात पाण्याचा तोटा असेल, उन्हाचा कसला?" मी त्यांना म्हटले नाही, की ऊन अंगणात असते आणि माणूस भिंतीच्या आत असतो. हे मी तुला पाहून शिकले होते.

तुला कधीच सांगितली नाही अशी एक गोष्ट सांगते. मी दूध घेत नाही. दही, ताक, तूप काहीच नाही, आणि पायात कातडी चप्पलही नाही. कॉलेजातल्या त्या हिवाळ्यापासून हे चालू आहे आणि आता मी निवृत्त होऊनही बरीच वर्षे झाली. शाळेत मुली विचारत, "बाई, मग खाता काय?" आणि मी तास विसरून सांगत बसे. शेंगदाणे रात्री भिजत घालायचे, सकाळी वाटून फडक्यातून पिळायचे. त्या दुधात हिरव्या मिरचीचे देठ टाकले तर उबेला दहीसुद्धा लागते. तीळ, कारळ, जवस, राजगिरा, हरभऱ्याची कोवळी भाजी, बाजरीची भाकरी यांत जवळजवळ सगळे मिळते. मात्र एक जीवनसत्त्व असे आहे की ते झाडांत तयारच होत नाही. त्याची गोळी घ्यावी लागते, आणि ती मी चुकवत नाही. उगवतीकडे तोंड करून अर्धा तास ओट्यावर बसते, मग नदीपर्यंत चालत जाऊन येते. हे सारे एका वहीत रकाने पाडून लिहिले आहे. या वहीत चार हिवाळे आहेत. परवा मी 'आज कसे वाटले' या शेवटच्या रकान्यावरून बोट फिरवले. सगळे केले त्या दिवशीही तेच लिहिलेले, काहीच केले नाही त्या दिवशीही तेच. अक्षर तेवढे लहान होत गेले आहे.

मागच्या आठवड्यात येळवस होती, शेतात पिकाची पूजा करायची अमावास्या. भाऊ मला घाटनांदूरच्या अलीकडच्या आपल्या शेतात घेऊन गेला. ज्वारी कमरेएवढी, ऊन कोवळे, कडब्याच्या कोपीपुढे भज्जी आणि ताकातली आंबील मांडलेली. वहिनीने तांब्या माझ्यापुढे धरला. "वन्सं, लई झालं आता. तोंड बघा आरशात. घोटभर घ्या. ताकानं काय पाप लागतंय?"

भाऊ म्हणाला, "तिला कावून छळती? मास्तरीन हाय ती. आदी आंबिलीचा धडा घील, मंग न्हाई म्हनंल."

सगळे हसले, मीही हसले. पण वहिनी हसली नाही. तिने तांब्या खाली ठेवला नाही. "तुमच्या मायचं बी असंच झालं व्हतं म्हनं," ती हळूच म्हणाली. "तुमी बी तसंच भिताडाला टेकून बसणार का?" तिच्या डोळ्यांत भीती होती, खरी भीती, आणि ती माझ्यासाठी होती. एक घोट घेतला असता तर त्या बाईला बरे वाटले असते. मी तांब्या घेऊन ओठांपर्यंत नेला. ताकाचा वास आला आणि त्याबरोबर आपला गोठा आला. मी आंबील ज्वारीच्या मुळाशी ओतली.

तो दुष्काळाचा हिवाळा आहे आणि मी कॉलेजच्या सुट्टीत घरी आले आहे. कडबा सोन्याच्या भावाने जातो आहे, विहिरीने तळ दाखवला आहे, घरात चालते ते एका म्हशीच्या दुधावर. दिवाळीपासून तू गप्प आहेस, पण पहाटे म्हैस रेकली की उठतेस. धार काढून, किटली घेऊन, अंधारात दूध संस्थेच्या रांगेत उभी राहतेस. मी तुझ्यामागे उभी आहे. दूध मापणारे तात्या किटलीत डोकावून म्हणतात, "काय गं, पानी कुठलं घातलंस? टँकरचं का हिरीचं?" तू दिवसभरात बोलणार नसतेस एवढे एकदम बोलतेस: "टँकरचं पानी दुधात घालाया मी काय आमदाराची बाईल हाय व्हय? दूध सस्तं हाय पान्यापरीस." रांग हसते. तूसुद्धा. त्या हिवाळ्यात तू हसायचीस ती जागा तेवढीच होती, हे मला तेव्हा कळायला हवे होते.

म्हशीचे रेडकू अशक्तपणाने मेले होते. वडिलांनी, आपल्या दादांनी, त्याचे कातडे सोलून, वाळवून, आत कडब्याचा चुरा भरून घेतला होता. पायांच्या जागी चार काठ्या. धारेच्या वेळी तू ते म्हशीपुढे उभे करायचीस, पाठीला मीठ चोळायचीस. ती चाटू लागली की पान्हा यायचा. धार झाली की ते उचलून उंच खुंटीला लावायचे, हा तुझा नेम. मी नुकतीच शिकून आले होते. चुलीपुढे बसून मी तुला मेंदू, ग्रंथी, पान्हा सगळे समजावले. राखेत बोटाने आकृती काढली. तू भाकरी उलटत म्हणालीस, "तुज्या पुस्तकाला म्हनावं, ये अन् धार काढ."

"पण माय, तिला कळत नाही का, की ते खोटं आहे?"

"कळतंय की. पर जिभंला कायतरी लागतंय ना गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडकू नव्हते. चार काठ्या, फाटलेले कातडे आणि म्हशीच्या तोंडाला लागलेला चुरा. उपाशी जनावर, आत कडबा, वर मीठ. दादा दारात उभे होते. "खुंटीला लावलं न्हाई व्हय?" त्यांनी विचारले. तू रिकाम्या खुंटीकडे पाहत राहिलीस. "लावलं व्हतं वाटतं," तू म्हणालीस. मग, "न्हाई लावलं का मी?" आणि मग अगदी हळू, "डोस्कं ठिकानावर न्हाई माजं."

दादा चिडले नाहीत; तेच वाईट झाले. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "हिवाळ्यात तुला सुदरत न्हाई." म्हशीने त्या दिवसापासून दूध चोरले. ती चारा छावणीला गेली, पहाटेचे उठणे गेले, संस्थेची रांग गेली. तू कशाला हात लावण्याआधी विचारू लागलीस: मीठ घातलं का मी? दार लावलं का मी? दुसऱ्या हिवाळ्यात विचारणेही थांबले. तिसऱ्या हिवाळ्यात, संक्रांतीआधी, तू गेलीस. भिंतीवरचा तुझ्या पाठीचा डाग दादांनी पुढे चुना देऊन झाकला.

शाळेच्या निरोप समारंभात माझ्या भूतदयेवर कोणी तरी भाषण केले. मी मान खाली घालून ऐकले. ही दया नव्हे, माय. मनातले लिहून काढले की हलके वाटते, असे मी मुलींना सांगत आले. आता तीन पाने झाली, ऊन ओट्यावरून उतरून गेले आणि काहीही हलके झालेले नाही. हे पाठवायचे तरी कुठे? पाने वहीत ठेवीन, आणि उद्याचा रकाना आजच भरून ठेवला तरी चालेल.

राखेत काढलेली आकृती मला पटली होती. रेडकू रात्रभर जवळ राहिले तर पान्हा वाढेल, दूध वाढेल, तू खूश होशील, असा माझा हिशेब होता. सकाळी मी दादांच्या मागेच उभी होते. तोंड उघडले असते तर तीन शब्द लागले असते. तू ते खुंटीला लावले होतेस, माय. दिवेलागणीला मी काढले.