पहिल्या टिप्परचा माल

५ जानेवारी
पाय मोडून खाटेवर पडली आहो. मले लिहिता-वाचता येत नाही. मी बोलतो, नातीन चेतना लिहिते. थे भंडाऱ्याच्या रस्ते तपासाच्या लॅबात डांबराचे तुकडे फोडते. तिचा बाप, माहा बंडू, रस्त्याच्या कामावर मुकादम. बाप बनवते, पोरगी फोडते. आज कारध्याकडच्या रस्त्याचे गोल तुकडे कापून आले म्हने. म्हनलं, थो तं बंडूचा. "हो ना व आजी." मंग पेन थांबला.

८ जानेवारी
इचारलं, फोडता कसे? जाड भाकरीएवढी चकती उभी धरते मशीन, वरून दाबते. दाब वरून, अन् फाटते मधातून, दोन्हीकडे तानून. म्हनलं, हे तं सासुरवाशिनीचं झालं. हासली नाही. थंडीत रस्ता आखडते, तवा असाच तान पडते म्हने. बाकी चकत्या टिकल्या. रस्त्याच्या सुरवातीच्या तीन लवकर फाटल्या.
ठेकेदार आधीच बोलला हाये: माल खराब निघाला तं मुकादम घरी.

११ जानेवारी
कॉम्प्युटरवर रस्ता काढला तिनं. त्यात भेग चालते. दोन-तीन हिवाळ्यात खालून वर येईन म्हने. आमच्या पंचांगवाल्यानं एवढं छातीठोक कधी सांगतलं नाही.
जेवताना बंडू: "त्या तीन सोडून दे ना बाई. बाकीच्या लिही."
"सोडल्या तं मी लॅबात कायले जातो, बाबा? माल थंडा झाल्यावर दाबला तुमी. आत पोकळ राह्यला. काहून?"
बंडू हात धुवाले उठला. माह्याकडे पाह्यलं नाही. तवाच समजलं मले.

१२ जानेवारी
लिही पोरी, थांबू नको.
मागच्या पुसातली, अशाच थंडीतली गोष्ट. बंडूचा मुकादम म्हनून पहिला रस्ता हाच. मीच अडून बसली, नारळ मी फोडीन, त्याच्याआधी काम सुरू कराचं नाही. गावाहून, एकोडीहून निघाली. वाटेत देवीपाशी उतरली, बहिनीकडे च्या पेली, गोष्टी केल्या. इकडे पहिला टिप्पर गरम माल घेऊन उभा. मुकादमाची माय येते म्हनून टिप्परचा मागचा फाळका कोनी उघडेना. मी पोचली तं वाफ राह्यली नव्हती. म्हनलं, "बरं झालं, पाय तं भाजनार नाही." सगळे हासले. बंडू नाही.
चेतना रडते. वही ओली होईन म्हनलं...

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगुळ दिला एकमेकाले. गोड बोलाचं तं दूर, बोललंच नाही कोनी.

१५ जानेवारी
रिपोर्ट आज द्याचा होता. म्हनलं, त्यात लिही, बुढीच्या नारळापायी माल थंडा झाला. म्हने, असा रकाना नसते आजी. थंडा माल टाकला, एवढंच लिहिता येते. अन् टाकला बाबानं.
बंडू बाहेर गाडी चालू करून उभा होता, तिले लॅबात सोडाले. हाक मारली नाही.
रिपोर्ट माह्या खाटेवरच उघडा ठेवून थे येनी घालून राहिली होती. बोट फिरवलं मी कागदावर. इचारलं, त्या तीन चकत्या कुठं लिहिल्या, दाखव.
म्हने, "आजी, तुह्या बोटाखालीच हाये. बोट काढ. उशीर होते."