परीक्षक रजेवर

२ एप्रिल
आजपासून सॅक्सोफोनचा रियाज बंद. आळस म्हणून नव्हे, विज्ञान म्हणून. जॅझवाले ऐनवेळी सुचेल ते वाजवतात, तेव्हा मेंदूच्या पुढच्या भागातला चुका काढणारा परीक्षक गप्प बसतो. लातुरात नीटच्या पोरांना बायोलॉजी शिकवतो मी, मला हे चटकन कळलं. रियाज म्हणजे त्या परीक्षकाला रोज जेवू घालणं.

४ एप्रिल
रिहर्सलला दांडी. जयंतीला आमच्या भीमगीतांच्या ग्रुपमध्ये गाणार माझी बायको धम्मप्रिया, दोन कडव्यांच्या मध्ये सोलो माझा. नांदेडचे आनंदराज साहेब ऐकायला येणार. आवडलं तर तिकडच्या मोठ्या स्टेजवर नेणार. या वयात दुसरा चान्स नाही. धम्मप्रियाला मेंदू समजावला. म्हणाली, मेंदू ऱ्हाऊ द्या, सूर तेवढा धरा.
बाई गाते चांगली, पण वाचन नाही.

९ एप्रिल
कीबोर्डवाला अश्वजित घरी आला. म्हणे, सर, काय वाजवणार हाय ते तरी सांगा. म्हटलं, मलाच माहीत नसणं हाच तर मुद्दा आहे. चहा न पिताच उठून गेला. पटलं असावं.

१४ एप्रिल, दुपारी
काहीही ठरवायचं नाही, असं पक्कं ठरवलं.

१५ एप्रिल
अफाट! डोळे मिटून वाजवलं. परीक्षक गाढ झोपलेला. मध्येच अश्वजित माईकवर बक्षीस देणाऱ्यांची नावं पुकारायला लागला. रीत आहे, कबूल. पण माझ्या सोलोत? जळतो मेला. धम्मप्रियाने पुढचं कडवं उचललं, तरी मी थांबलो नाही. टाळ्यांचा कडकडाट! साहेब मान डोलवत होते.

१७ एप्रिल
व्हिडिओ आला. सॅक्सोफोन दिसतो, ऐकू येत नाही. साऊंडवाल्याला फोनवर झाप झाप झापलं. तो म्हणे, मला कशाला बोलून राहिले सर? मॅडमनं खूण केली, म्या माईक बंद केला.
धम्मप्रियाला विचारलं. हाव म्हणाली. नावं पुकारायलाही तिनेच सांगितलं होतं. म्हणे, तुमचा परीक्षक झोपला, मग मला जागं ऱ्हावं लागलं.
सख्ख्या बायकोने! जेवलो नाही. तिने एकदाच विचारलं.

२० एप्रिल
नांदेडहून साहेबांचा फोन. बॅनरवर नंबर माझाच आहे. म्हणाले, मॅडम पाहिजेत, ग्रुपसकट. आवाज जमेल तितका साधा ठेवून विचारलं, आणि सॅक्सोफोन?
म्हणाले, ते नुस्तं तोंडाला लावून उभे होते ते? आणा की, स्टेज भरल्यावाणी दिसतंय. फक्त वाजवायचं न्हाई म्हणून सांगा त्यांना.
मी म्हणालो, सांगतो.