न ढवळलेलं वरण

आत्याबाई,

आज तुरीचं वरण केलं आणि वाढताना ते ढवळलं नाही. वरचं पातळ आधी मुलाच्या वाटीत गेलं, मग यांच्या. यांनी वाटी तिरपी करून पाहिली आणि म्हणाले, "हे वरन हाय का डाळ धुतलेलं पानी?" मामंजी अगदी हेच विचारायचे तुम्हाला. सून भिंतीला टेकून उभी होती, पाचवा महिना लागलाय तिला. तिनं नाक मुरडलेलं मी पाहिलं. मग मागच्या दारी ती फोनवर आपल्या आईला सांगत होती, "सासूबाई वरन ढवळत बी नाही वं माय, लय कंजूस हाय." मला राग आला नाही. लग्नानंतर पहिल्यांदा आसेगावला माहेरी गेले तेव्हा मीही आईपुढे बसून तुमच्याबद्दल हेच बोलले होते, आणि वर थोडं तिखटमीठही लावलं होतं.

तुमचा हात आखडता होता यात शंका नाही. मालेगावच्या बाजारात दिवसभर वांगी, मेथी, हिरवा सांभार विकून झालं की उरलेल्या जुड्या घेऊन तुम्ही डाळमिलकडे वळायच्या, तिथल्या ओळखीच्या बाईला भाजी द्यायच्या आणि बदल्यात डाळीची चुरी आणायच्या. लोक ती ढोरांना घालतात. तुम्ही ती पाखडून, निवडून, तीन पाण्यांतून काढून शिजवायच्या, आणि डाळ कमी दिसू नये म्हणून तिच्यात चुका नाहीतर दुधी टाकायच्या. सोयाबीन निघालं की रिकाम्या वावरात वाकून सांडलेले दाणे वेचायच्या. आपल्याकडे गावभर सोयाबीन पिकतं, पण पोती सरळ गाडीत चढतात, खात कोणीच नाही. तुम्ही दाणे उकडून, वाळवून ज्वारीत मिसळायच्या. त्या भाकरीला एक हिरवट वास यायचा. एकदा मी तोंडावरच म्हटलं, "दात कोरून पोट भरत नाही, आत्याबाई." तुम्ही भाकर थापता थापता म्हणाल्या, "भरते वं. कोरनाराचं नाही भरत, बाकीच्याईचं भरते." मला वाटलं, म्हातारीला उत्तर द्यायची खोडच आहे.

घरातली माणसं जेवून उठली की मग आपण दोघी बसायचो. वरणाचा गंज तुमच्या पुढ्यात. माझ्या पोटात तेव्हा थोरली होती. तुम्ही पळी तळापर्यंत घालायच्या, खालचं घट्ट वरण माझ्या भाकरीवर ओतायच्या आणि स्वतः जवसाची चटणी घ्यायच्या. मी म्हणायचे, तुम्हाला घ्या की. "मले रातच्याले जड होते," असं म्हणून तुम्ही गंजात घोटभर गरम पाणी घालायच्या, हलवायच्या आणि पिऊन टाकायच्या. थोरली झाली तेव्हा दवाखान्यातली नर्स तिला हातात तोलून म्हणाली, चांगली गुटगुटीत आहे. मामंजींनी गावात पेढे वाटले. तुमचं नाव कोणीच घेतलं नाही, मीही नाही.

मग तो दिवस. मामंजी पातळ वरणावरून पाटावरून उठले, हेही पुटपुटले, आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "वाढायचं माह्याकडं द्या, मी सगळ्याईले सारखं वाढीन." तुम्ही माझ्याकडे क्षणभर पाहिलं. "घे बाई," एवढंच म्हणून पळी माझ्या हातात दिली. मी खालपासून ढवळून वाढलं. मामंजींनी दोनदा मागून घेतलं, म्हणाले, आज खरं वरन खाल्लं. केवढी फुगले होते मी! थोरलीला भरवायचं म्हणून मीही त्यांच्याबरोबरच बसायला लागले. तुम्ही बाजारातून दिवेलागणीला यायच्या, हातपाय धुवायच्या आणि सगळ्यांचं जेवण उरकल्यावर एकट्याच बसायच्या. गंजात काही नसायचं. तुम्ही पाणी घालून हलवायच्या. मी चुलीजवळ भांडी आवरत असायचे, तो आवाज मला रोज ऐकू यायचा.

दोन वर्षं असंच चाललं. तुमच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. पायांवर सूज आली, बारीक ताप राहायला लागला, भाजीची टोपली डोक्यावर ठरेना. तुम्हाला मालेगावच्या डॉक्टरकडे मीच नेलं. तो म्हणाला, गोळ्या देतो, पण अंगात काही उरलेलंच नाही, गोळ्या काम कशावर करणार? डाळ द्या, शेंगदाणे द्या, अंडी द्या. मग माझ्याकडे पाहून त्यानं विचारलं, "घरी काय खातात या?" मी म्हटलं, आम्ही खातो तेच. माझी जीभ अडखळली असावी, कारण त्यानं तुमच्याकडे वळून पुन्हा विचारलं. तुम्ही बाकावर पदर सावरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "हो जी डाक्टरसाहेब, सगळे एकच खातो. माही सून लय सारखं वाढते."

त्यानंतर मी तुम्हाला वाटीभर घट्ट वरण आधी वाढायला लागले. पण तुम्हाला ते पचेना. दोन घास घेऊन तुम्ही वाटी माझ्याकडे सरकवायच्या. पुढचं सोयाबीन निघायच्या आत तुम्ही गेल्या. दिवसाच्या कार्याला बायका म्हणाल्या, सुनेनं शेवटी लय केलं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

गेल्या आठवड्यात बचत गटात आरोग्य केंद्रातली एक पोरगी आली होती. कमी खर्चात प्रोटीन कसं मिळेल ते सांगत होती: डाळ, शेंगदाणे, अंडी, पिठात थोडं सोयाबीन. तुमचाच स्वयंपाक तिनं तक्त्यावर काढून आणला होता. मग तिनं विचारलं, "तुमच्या घरी शेवटी कोन जेवते?" सगळ्या बायका हसल्या. मीही हसले आणि घरी येऊन मोरीत तोंड धुवत राहिले.

तुम्ही वरण का ढवळत नव्हत्या हे मला तुम्ही गेल्यावर उमगलं, असं मी थोरलीला सांगितलंय. रडत सांगितलंय, आणि तिला ते खरं वाटतं. सुनेलाही कधीतरी तसंच सांगेन. हा कागद मात्र त्यांच्या हाती पडणार नाही, उद्या चुलीत जाईल. तळचं घट्ट वरण रोज माझ्याच ताटात पडत होतं, आत्याबाई. तुमच्या हातून पळी घेतली त्या दिवशी मला सगळं माहीत होतं. म्हणून तर मी सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसणं सोडलं.