त्रिवेणीचे हातमोजे आणि सूनबाईचे आठशे मीटर

सोनपेठ,
१८ जानेवारी

तीर्थस्वरूप अक्कास,

तुझ्या धाकट्या भावाचा, रेवणप्पाचा, शरणार्थ. आमी सगळे खुशाल आहोत. तुझ्या गुडघ्यांचं कसं काय ते कळव. फोन केला की तू "कोण, गॅसवाला का?" एवढं विचारून ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. आपला पोरगा शंभुराज तिकडं साखर कारखान्यावर कामाला आहे. गाळप चालू असल्यामुळं त्याला या दिवसांत स्वतःच्या लग्नालाही सुट्टी मिळाली नसती (उन्हाळ्यात उरकलं ते बरं झालं). नात त्रिवेणी पाच महिन्यांची झाली. सध्या तिचं सगळं लक्ष स्वतःचे हात खाण्याकडं आहे.

तर झालं असं, की सूनबाईनं पोलीस भरतीचा फॉर्म भरला. मी विरोध केला. तूही फोनवर केलास (त्या दिवशी मात्र तुला सगळं नीट ऐकू आलं). अंगावर पिणारं लेकरू घरात आणि बाई मैदानावर पळणार, हे काय? पण ती कुणाशी न भांडता रोज उजाडताना कॅनॉलच्या रस्त्यानं पळायलीच. आठवड्याभरानं तिची ट्रॅकपँट गुडघ्यावर उसवलेली दिसली, ती मी मशीनवर घेऊन नीट करून दिली. ते मी टेलर म्हणून केलं, सासरा म्हणून नव्हे, हे ध्यानात घे.

मैदानी चाचणीची तारीख आली ती नेमकी थंडीच्या लाटेत. सकाळी सहाला परभणीत हजर राहायचं. लेकराला सोडून जाता येत नाही, नवऱ्याला सुट्टी नाही, राहिलं कोण? मी. आता प्रश्न आला त्रिवेणीच्या हातांचा. बाकीचं लेकरू गुंडाळता येतं गं, पण हात बाहेर येतातच. दुकानातून आणलेले हातमोजे तिनं एका दिवसात तोंडानं ओढून कुठं टाकले, देव जाणे. मी चाळीस वर्षं शिवणकाम केलेला माणूस, अर्ध्या सोनपेठची मापं मला तोंडपाठ. फलालीनचे दोन हातमोजे शिवले आणि पडू नयेत म्हणून दोन्हींना मिळून एक नाडी लावली. ती झबल्याच्या एका बाहीतून घालून पाठीमागून दुसऱ्या बाहीतून काढली. एवढंच चुकलं, की माप मी ती झोपेत हात आखडून पडली असताना घेतलं. जागेपणी लेकरू हात पसरतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. उजवा हात लांब केला की डावा आपोआप वर उडायचा. आदल्या दिवशी एस.टी.त शेजारी दत्तराव म्हणून एक भले गृहस्थ होते, त्यांनी मानवतपर्यंत सात चापट्या खाल्ल्या आणि मग उभ्यानं प्रवास केला.

सकाळी मैदानावर फक्त उमेदवारांना आत घेतलं. सूनबाई स्वेटर काढून आत गेली, आणि मी लेकरू घेऊन कुंपणाबाहेर. अक्का, थंडी म्हणजे लय थंडी! त्यात त्रिवेणीनं हातमोजे चोखून चिंब केलेले. ओली फलालीन बर्फासारखी झाली होती. काढून पाहतो तर इवलीशी बोटं जांभळी. फुंकर घातली, चोळलं, मफलर गुंडाळला (तोही तिनं चोखला), माझ्या टोपीत दोन्ही हात कोंबले. तिनं जो टाहो फोडला तो मैदानाच्या पार टोकाला गेला. नेमकी तेव्हाच सूनबाईची तुकडी रेषेवर उभी राहायली होती. तिनं मागं वळून पाहिलं. तिचा एक पाय गेटाकडं वळलेला मला स्पष्ट दिसला.

शेजारी झरीच्या छबूबाई उभ्या होत्या, भाचीला घेऊन आलेल्या. त्या माझ्यावर खेकसल्याच. "ओ बाबा, ती ओली फडकी फेका आधी! स्वेटराच्या गुंड्या सोडा अन् लेकराचे हात बगलेत घ्या. तुमचं अंग हाय की गरम!"

मी घेतले. अक्का, मला गुदगुल्या किती होतात हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? बगलेत दोन बर्फाचे खडे, तेही चुळबुळ करणारे! मी असा काही खदखदून हसलो, की त्रिवेणी रडायची थांबली, माझ्या तोंडाकडं पाहत राहिली आणि मग तीही हसायला लागली. एक हवालदार येऊन म्हणाला, "आजोबा, इथं पोरी जिवाच्या आकांतानं पळायल्यात, अन् तुमाला हसू कशाचं येतंय?" पण ते हसू आत पोचलं. सूनबाईनं मान पुढं वळवली, आणि शिट्टी झाली.

आठशे मीटर म्हणजे मैदानाच्या दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत ती सहावी होती, शेवटी तिसरी आली. मी वयाला शोभेल असा, शांतपणे एका जागी उभा होतो. बाहेर आल्यावर तिनं आधी लेकराचे हात चाचपले. "मामा, हात तर गरम हायेत!" एवढंच म्हणाली आणि त्रिवेणीला अंगावर पाजायला घेऊन तिथंच मातीत बसली. तिचे डोळे वाहायला लागले. मी दुसरीकडं पाहत राहिलो.

काल यादी लागली. सूनबाई मैदानात पास झाली.

तुझ्या पायांना (गुडघे वगळून) माझा नमस्कार.

तुझा,
रेवणप्पा

ता. क. : पुढच्या महिन्यात लेखी परीक्षा आहे, तीही परभणीलाच. तू चार दिवस येऊन त्रिवेणीला घरी सांभाळ. मला सूनबाईसंगं जायचंय. गेटाबाहेर आपलं कुणीतरी उभं पाहिजे. तुझा विरोध सोबत आणलास तरी चालेल, फक्त लेकरासमोर काढू नकोस.

ता. क. दुसरा : अक्का, शरणार्थ. पाकीट चिकटवायला मामांनी माझ्याकडं दिलं, म्हणून वाचलं. ते एका जागी मुळीच उभे नव्हते. दुसऱ्या फेरीत मी मागं पडले, तेव्हा त्रिवेणीला स्वेटरात धरून ते कुंपणाच्या बाहेरून माझ्या बरोबरीनं पळायले होते आणि "प्रियदर्शनी, पळ! प्रियदर्शनी, पळ!" असं ओरडायले होते. लग्नाला तीन वर्षं झाली. त्यांच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. तुमी याच.

– प्रियदर्शनी